ठिबक

पहाटे साडेसहाला फोन. तिकडे रात्रीचा एक.
एरवी सुलक्षाचा फोन तिच्या आईला येतो,
माझ्या वाट्याला शेवटी "पपा, जेवलास?" एवढंच.
आज थेट माझ्या नंबरावर.
घरात असून डोक्यावर लोकरी टोपी,
तोंडातून वाफ.
"पपा, नळ गोठला."

चाळीस वर्षं मी नळांच्या कामात आहे.
गंजून पानासुपारीसारखा चुरा झालेला पाइप पाहिला,
फणसाच्या मुळांनी गिळलेली लाइन पाहिली,
बोरीला एका न्हाणीत नळातून बेडूक पडला
(त्या बाईने मजुरीतले वीस रुपये कापले, बेडूक माझाच असल्यासारखे),
मे महिन्याच्या उन्हात
केळीच्या सोपासारखा वाकलेला पीव्हीसी पाहिला.
पण गोठलेला?
आमच्या शिरोड्यात गोठतं ते खोबरेल.
तेही डिसेंबरात, आठ-दहा सकाळी.

"थांब," म्हटलं, आणि बाटली आणली.
तळहाताएवढी, आत पांढरं घट्ट.
शशिकला विचारते, एवढ्या सकाळी तेल कशाला?
मी बोटाने गप्प केली.

बाये, आधी मेन कॉक बंद कर. कुठे आहे? शोध.
सिंकखाली, कपाटात, डब्यांच्या मागे.
घरमालक फोन उचलत नाही? नको उचलू दे.
आता बागेतला नळ उघडून ठेव,
पाणी येणार नाही, तरी उघड.
त्याला अजून ती हिरवी होज लावलेली आहे का? काढ.
आता गरम पाण्यात टॉवेल पिळ आणि गुंडाळ.
उकळतं ओतू नको. मेणबत्ती तर मुळीच नको.
बाटली कधी चुलीवर धरतो का आपण?
न्हाणीतल्या भाणाजवळ नुसती ठेवतो.
आणि हे बघ, सुरुवात तोंडाकडून.
नळाकडचं आधी सुटलं पाहिजे,
मग मागचं, मग भिंतीतलं.
वितळलेल्याला बाहेर पडायला वाट हवी,
नाहीतर अडकून पाइपच फोडील.

तेल गोठताना आकसतं, पाणी फुगतं,
एवढं मला माहीत आहे.
फ्रीजरात विसरलेली सोलकढीची बाटली
मीच फोडली होती,
गणपतीच्या दुसऱ्या दिवशी.
तेव्हा तू सात वर्षांची,
गुलाबी काचा वेचू नको म्हणून ओरडलो होतो.
हे मी फोनवर बोललो नाही.

टॉवेल तीनदा बदलला. हेअर ड्रायर लावला.
मी इकडे बाटली हातात फिरवत बसलो,
काही उपयोग नाही माहीत असून.
कडेला पारदर्शक रेघ आली
तेव्हाच तिकडे काहीतरी खाकरलं.
भिंतीतून. मग थुंकल्यासारखं.
मग धार, बारीक, वाकडी.
"आलं पपा!" म्हणाली,
जसं पाणी मी पाठवलं.

कॉक हळूहळू उघड, म्हटलं, सांधे बघ, हात फिरव, ओलं लागतं का?
नाही. बरं.
बाहेरच्या नळावर जुनं गोणपाट बांध, नसेल तर स्वेटर.
आणि आज रात्री सिंकचा नळ थोडा...

इथे मी अडलो.
गळणारा नळ म्हणजे घरातली लक्ष्मी जाते,
असं म्हणत म्हणत मी
अर्ध्या तालुक्याचे वॉशर बदलले.
त्यावर हे घर उभं आहे,
त्यावर तिची नर्सिंगची फी.

"थोडा काय, पपा?"
"गळता ठेव, बाये. वाहत्याला थंडी धरत नाही."

"ठेवते," म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.
सिंकच्या कडेला उभा करून गेली असावी.
मला ऐकू येत होतं,
ठिप. मग बराच वेळ. ठिप.

शशिकला मोरीतून म्हणाली,
हा आपला नळ आठ महिने गळतोय,
प्लंबरच्या घरात.
"उद्या," मी म्हटलं,
आणि फोन कानाला तसाच.